ओव्हनचे तास नकोत, मालाची कसोटी मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगांच्या वीजदराची चर्चा सुरू झाली की ती दोनच वाटांनी जाते: दर कमी करा, नाहीतर छतावर सौर पॅनेल बसवा. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण फायबरग्लासच्या, म्हणजे एफआरपीच्या, धंद्यात वीज वाया जाण्याची जागा तिसरीच आहे, आणि तिचे मूळ पुष्कळदा कारखान्यात नसून खरेदीदाराच्या निविदेत असते. ‘माल ८० अंश सेल्सिअसला चार तास ओव्हनमध्ये ठेवावा’ ही ती ओळ. तिच्यापायी किती युनिट जळतात, त्यातली मालाला किती लागतात आणि तोच माल कमी विजेत कसा पक्का होतो, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हे पत्र.

एफआरपी हा मिश्र माल आहे. काचेचा धागा ताण सोसतो, रेझिन त्या धाग्यांना जागेवर धरते. पाण्याच्या टाक्या, बसचे पॅनेल, रसायनांच्या टाक्या, केबल ट्रे, पवनचक्कीची पाती, सगळे याच कुळातले. साध्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (क्रियेला वेग देणारे) आणि मग एमईकेपी (क्रिया सुरू करणारे पेरॉक्साइड) मिसळले की त्यातले स्टायरिन हे द्रव आणि पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकांत गुंततात, रेझिन आधी जेल होते आणि मग कडक. यालाच क्युअर होणे म्हणतात. ही क्रिया उष्णता मागत नाही, देते. एक ग्रॅम रेझिन पूर्ण क्युअर होताना साधारण ३०० ज्यूल बाहेर टाकते. बादलीत उरलेले रेझिन धुमसते, तडकते, कधी धूर काढते, ते यामुळेच.

आता ५० किलोचा एक जॉब घेऊ. हँड ले-अपचा, म्हणजे हाताने थर चढवून केलेला: काचधाग्यांची मॅट १५ किलो आणि रेझिन ३५ किलो. काचेची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारे किलोज्यूल) ०.८, रेझिनची १.८ धरली तर सगळा जॉब ३० वरून ८० अंशांवर न्यायला ३,७५० किलोज्यूल लागतात. म्हणजे जेमतेम एक युनिट. आणि तेच ३५ किलो रेझिन क्युअर होताना स्वतः किती देते? १०,५०० किलोज्यूल, म्हणजे जवळपास तीन युनिट. जॉबला लागते एक, तो स्वतः देतो तीन. मग ओव्हन कशाला? तर ३-४ मिलिमीटर जाडीच्या मालातली ही उष्णता मोल्डमध्ये आणि हवेत निघून जाते, आणि नेमकी शेवटच्या टप्प्याला हाताशी नसते.

हा शेवटचा टप्पाच अवघड. रेझिन क्युअर होत जाते तसे ते ज्या तापमानाखाली काचेसारखे घट्ट होते ते तापमान चढत जाते, आणि ते क्युअरच्या तापमानाच्या थोडे वर गेले की साखळ्या जखडून जातात. खोलीच्या तापमानाला ठेवलेला माल हाताला दगडासारखा लागतो, पण आत काही टक्के स्टायरिन बांधले न जाता अडकलेले असते. त्याला हलायला जागाच उरलेली नसते. थोडी ऊब दिली की साखळ्या पुन्हा हलतात आणि उरलेली क्रिया पूर्ण होते. म्हणून पोस्ट-क्युअर, म्हणजे मागाहून दिलेली ही ऊब, हवेच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उष्णता कुठे घालायची याचा.

कारण प्रत्यक्षात काय घडते? ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच असा ओव्हन धरा. सगळ्या बाजू मिळून ९० चौरस मीटर. भिंती नुसत्या पत्र्याच्या असतील तर बाहेर ३० आणि आत ८० अंश असताना त्यांतून सतत साधारण २२ किलोवॅट बाहेर जातात. वर एक्झॉस्ट पंखा ताशी हजार घनमीटर हवा फेकत असेल तर त्या गरम हवेबरोबर आणखी १६ किलोवॅट. चार तासांचे झाले १५२ युनिट. पाचशे किलोची लोखंडी ट्रॉली आणि फ्रेम तापवायला साडेतीन युनिट. आणि जॉबला एक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

याला शोध लागत नाहीत, मेहनत लागते. भिंतींना आणि छताला १०० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) भरले की २२ किलोवॅटचे दोन-अडीच होतात. दाराची सील हा दुसरा मुद्दा. दारातून गरम हवेची झुळूक हाताला लागत असेल तर रॉकवूलचा निम्मा फायदा गेलाच. तिसरा एक्झॉस्ट. तो पूर्ण बंद करायचा नाही, कारण स्टायरिनची वाफ पेट घेते. हवेत ते साधारण १.१ टक्क्यापासून पेटण्याजोगे होते, आणि ओव्हनमध्ये विजेची कॉइल तापलेली असते. पण वाफ मोजणारा मीटर बसवून, पेटण्याच्या मर्यादेच्या पाव भागाला गजर लावून, पंख्याला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह जोडला तर बहुतेक वेळ ताशी दोनशे घनमीटरने काम भागते. मीटर न लावता पंखा कमी करणे हा मात्र शुद्ध वेडेपणा. एवढे केले की दीडशेच्या वर जाणारी बॅच तीसच्या आत येते. युनिट नऊ रुपयांना धरले तरी दर बॅचला हजार-अकराशे रुपये वाचतात.

आणखी एक गोष्ट फुकटात होते. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, भिंतीवर न ठेवता जॉबवर, तोही ट्रॉलीजवळच्या जाड भागावर, टेपने चिकटवावा. भिंतीवरचा काटा ८० दाखवतो तेव्हा जाड फ्लँज पन्नासवर असू शकते. मग ‘माल कच्चा राहिला’ म्हणून ऑपरेटर सेटिंग शंभरवर नेतो आणि पातळ भाग वाकतात. शिवाय तास मोजायचे ते जॉब ८० ला पोचल्यापासून, ओव्हन पोचल्यापासून नव्हे. त्यात ताजा, नुकता जेल झालेला माल थेट आत घातला तर तो मोल्डवरून सुटतो, वाकडा होतो आणि जेलकोटवर, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरावर, मॅटचे धागे उमटतात. एक दिवस खोलीत ठेवून, मग अर्ध्या तासाला दहा अंश या बेताने चढवलेले बरे.

पुणे-नाशिककडे थंडीत सकाळी पारा दहा-बारावर आला की जेल यायला वेळ लागतो, आणि मग हात आपोआप कोबाल्टच्या बाटलीकडे जातो. ही बचत नव्हे. जास्त कोबाल्ट आणि जास्त एमईकेपीने जेल लवकर येते, पण माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि आतली क्रिया अर्धवट राहते. मग ती पुरी करायला पुन्हा ओव्हन. त्यापेक्षा रेझिनचे ड्रम रात्री बंद खोलीत २५ अंशांवर ठेवावेत. मोल्डला मागून इन्सुलेशन असावे, आणि आठ मिलिमीटरच्या वरचा जाड ले-अप जेल झाल्यावर पातळ प्लॅस्टिक फिल्म आणि वर जुनी रॉकवूलची गादी टाकून झाकावा. रेझिनची ती तीन युनिट तेवढ्यापुरती आतच राहतात. मात्र वीस मिलिमीटर एकाच दमात चढवून वर झाकले तर आतून जळून भेगा पडतील. जाड माल थरांनीच चढवायचा. पावसाळ्यात मॅट ओली असेल तर हे सगळे व्यर्थ, कारण ओलाव्याने कोबाल्टचे काम मंदावते आणि काच-रेझिनची पकड सुटते. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही पुन्हा सांगावे असे एक: कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे, एमईकेपी नंतर.

ओव्हनला पूर्ण फाटा देणारी रीत म्हणजे अतिनील प्रकाशाने क्युअर करणे. कोबाल्ट आणि एमईकेपीऐवजी रेझिनमध्ये ०.३ ते ०.५ टक्का फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश पडताच क्रिया सुरू करणारा पदार्थ, घालायचा. ८१९ या क्रमांकाने ओळखली जाणारी पिवळसर पावडर यासाठी चालते. ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरच्या एलईडी पॅनेलखाली काही मिनिटांत माल पक्का होतो. काच आणि रेझिन यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असल्याने चांगल्या भिजलेल्या काचेच्या थरातून प्रकाश आठ-दहा मिलिमीटरपर्यंत आत जातो. मॅट नीट भिजली नसेल तर पांढरे ठिपके दिसतात आणि तिथे प्रकाश अडतो. थोडक्यात, रोलर नीट न फिरवल्याची पावती लगेच मिळते. कार्बन फायबरला ही रीत चालत नाही, त्यात प्रकाश शिरतच नाही. रंगीत रेझिनलाही नाही. रंग हवा असेल तर तो जेलकोटमध्ये द्यावा आणि प्रकाश मागून टाकावा. हवेतला ऑक्सिजन वरचा थर चिकट ठेवतो, म्हणून पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म अंथरावी. आणि सगळी उष्णता दोन-चार मिनिटांतच बाहेर पडत असल्याने जाड माल एका दमात प्रकाशाखाली ठेवू नये. एकदा फिरवून पॅनेल दूर घ्यावे, मग पुन्हा. डोळ्यांना चष्मा हवाच. चालू दिव्यांकडे ‘काय होतंय’ म्हणून बघणारे कामगार सगळीकडे असतात.

या रीतीचा सर्वांत मोठा उपयोग कारखान्यात नव्हे, रस्त्याखाली आहे, आणि महापालिकांच्या निविदा लिहिणाऱ्यांनी पुढचा हिशेब जरूर पाहावा. जुनी मैलावाहिनी न खोदता दुरुस्त करण्यासाठी रेझिनमध्ये भिजवलेला लायनर, म्हणजे आतले अस्तर, आत घालून जागेवरच क्युअर करतात. १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड यांनी ही पद्धत प्रथम वापरली. नेहमीच्या रीतीत लायनर गरम पाण्याने किंवा वाफेने क्युअर होतो. ६०० मिलिमीटर व्यासाची १०० मीटर वाहिनी घ्या. तिच्यात २८ हजार लिटर पाणी मावते. ते ३० वरून ८० अंशांवर न्यायला सुमारे १,६०० युनिटइतकी उष्णता लागते, म्हणजे ऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला साधारण दोनशे लिटर डिझेल. शिवाय ते पाणी टिकवून धरायचे, थंड करायचे आणि स्टायरिन मिसळलेले पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न वेगळा. तीच वाहिनी काचेच्या लायनरने आणि प्रकाशाने करायची तर एकेक किलोवॅटच्या आठ दिव्यांची गाडी मिनिटाला साठ सेंटिमीटर वेगाने ओढली, तरी पावणेतीन तासांत बावीस-तेवीस युनिट. लायनर फुगवून ठेवणाऱ्या ब्लोअरची वीज वर धरा. तरी दोन्हींची तुलनाच होत नाही.

फायदा एवढ्यावर संपत नाही. उष्णतेने क्युअर होणारा लायनर एकदा भिजवला की त्याची घटका सुरू होते. तो बर्फात किंवा थंड गाडीत साइटवर आणावा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात वाहतूक कोंडीत अडकला तर वाहिनीत जायच्या आधीच कडक होऊ शकतो. प्रकाशाने क्युअर होणारा लायनर काळ्या आवरणात महिनोन्महिने टिकतो. काच असल्याने त्याची भिंतही पातळ लागते. चुका होतात त्या इथे: दिव्यांच्या काचा मळलेल्या, गाडी ठरल्यापेक्षा जलद ओढलेली, किंवा लायनरला सुरकुती पडून तिच्या सावलीतला भाग कच्चा राहिलेला. म्हणून गाडीचा वेग, प्रत्येक दिव्याची स्थिती आणि भिंतीचे तापमान यांची मिनिटागणिक नोंद ठेकेदाराकडून घेतली पाहिजे, आणि क्युअर करण्यापूर्वीचे कॅमेरा चित्रीकरणही. या कामासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे एफ २०१९ मानक उपलब्ध आहे.

तिसरी रीत अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे, पण तिच्याबद्दल बरेच अतिरंजित छापून येते म्हणून चार शब्द. तिला फ्रंटल पॉलिमरायझेशन म्हणतात. मालाच्या एका टोकाला क्षणभर उष्णता द्यायची. तिथे सुरू झालेली क्रिया स्वतःच्या उष्णतेने शेजारचा थर पेटवते, तो त्याच्या शेजारचा, आणि क्युअरची एक लाट मालातून पुढे सरकत जाते. १९७२ मध्ये सोव्हिएत संघात चेचिलो, एनिकोलोप्यान आणि सहकाऱ्यांनी ती प्रथम नोंदवली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने डायसायक्लोपेंटाडाइन हे द्रव आणि ग्रब्ज उत्प्रेरक वापरून कार्बन फायबरचे पॅनेल असे बनवले. सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर माल सतरा-अठरा मिनिटांत. उत्प्रेरकाला आवर घालणारे फॉस्फाइट मिसळल्याने तयार मिश्रण तासन्‌तास पातळ राहते, हे त्यातले खरे कसब. तुलनेसाठी त्यांनी दिलेला आकडा मोठा बोलका आहे: बोइंग ७८७ च्या धडाचा एक भाग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) आठ तास क्युअर करताना ३५० गिगाज्यूलहून अधिक, म्हणजे ९७ हजार युनिटच्या वर ऊर्जा खर्च होते.

यावरून ‘अब्जपट बचत’ असे मथळे झाले. तो हिशेब फक्त सुरुवातीच्या चटक्याचा आहे. रुथेनियमचा उत्प्रेरक बनवायला लागलेली ऊर्जा, रेझिन शुद्ध करायची ऊर्जा त्यात नाही. भोसरी किंवा अंबरनाथच्या शेडमध्ये उद्या ही रीत का चालणार नाही, त्याचीही ठोस कारणे आहेत. ते उत्प्रेरक महाग. त्या द्रवाचा वास उग्र. ३३ अंशांच्या आसपास ते गोठते, म्हणून त्यात पाच टक्के दुसरे द्रव मिसळावे लागते. आणि मुख्य म्हणजे ती लाट विझते. लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमचा मोल्ड तिची उष्णता शोषून घेतो. त्यामुळे मोल्ड उष्णतारोधक हवा. धाग्यांचे प्रमाण वाढवले की रेझिन कमी आणि तापवायचा भार जास्त. ३० टक्के काच असलेला आपला हँड ले-अप बाहेर काही न गमावता १४० अंशांनी तापू शकतो, ६५ टक्के काचेचा इन्फ्युजनचा (निर्वाताने रेझिन ओढून भरलेला) माल फक्त ९० अंशांनी. म्हणजे जो माल सर्वांत बळकट, त्याच्यात लाट टिकणे सर्वांत अवघड. मालात ओलावा असेल तर लाटेच्या तापमानाला त्याची वाफ होऊन बुडबुडे राहतात. इपॉक्सीसाठी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात आयोडोनियम क्षार वापरून अशीच लाट चालवली गेली आहे. ते रसायन साध्या इपॉक्सीला जवळचे असल्याने आपल्याकडे आधी तेच येण्याजोगे दिसते. पण त्याला अमाइनचा अंशही चालत नाही. नेहमीच्या हार्डनरची बादली किंवा ब्रश त्यात गेला की लाट तिथेच थांबते.

म्हणजे तंत्रे आहेत. काही आज परवडणारी, काही उद्याची. अडते ते निविदेपाशी. ‘८० अंश, चार तास’ लिहिले की कारखानदार ओव्हनचा चार्ट जोडतो, निरीक्षक चार्टवर सही करतो, आणि चार्टमध्ये नोंदलेले असते ते हवेचे तापमान. माल पक्का झाला की नाही हे कुणी तपासतच नाही. ज्याने उत्तम इन्सुलेशन करून, प्रकाश वापरून किंवा झाकून माल पक्का केला त्याच्याकडे चार्ट नाही म्हणून तो बाद. दुसरीकडे कच्चा माल चार्टच्या जोरावर पास.

त्याऐवजी मालाचीच कसोटी लिहावी. बारकोल कठीणता (पृष्ठभागावर सुई दाबून मोजलेली) रेझिन बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याच्या किमान ९० टक्के, दर जॉबवर दहा ठिकाणी. ॲसिटोनचा बोळा घासल्यावर पृष्ठभाग चिकट होता कामा नये. याला दोन मिनिटे लागतात आणि कच्चा माल लगेच उघडा पडतो. मोठ्या ऑर्डरसाठी डीएससी, म्हणजे नमुना तापवून त्यातून निघणारी उष्णता मोजणारी, चाचणी. दहा मिलिग्रॅमचा तुकडा मिनिटाला दहा अंशांनी तापवला की उरलेली उष्णता कळते. इथे एक फसगत नेहमी होते. समजा यंत्राने ग्रॅमला १२ ज्यूल दाखवले. ३०० पैकी १२ उरले, म्हणजे माल ९६ टक्के क्युअर, असे लिहून मोकळे होतात. पण तो तुकडा नुसत्या रेझिनचा नसतो. ६५ टक्के काच असेल तर हे १२ ज्यूल केवळ ३५ टक्के रेझिनमधून आले. म्हणजे रेझिनच्या ग्रॅममागे ३४, आणि क्युअर ८९ टक्क्यांच्या आत. म्हणून शेजारचाच दुसरा तुकडा भट्टीत जाळून काचेचे वजन काढणे आणि तो आकडा अहवालात छापणे बंधनकारक हवे.

चाचणीची सोय राज्याबाहेर शोधायला नको. छत्रपती संभाजीनगरात सिपेट या प्लॅस्टिक-तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था. उद्योग विभागाने लघुउद्योगांच्या नमुन्यांसाठी चाचणीच्या शुल्काचा काही भाग उचलला तर तो खर्च ओव्हनच्या बिलात वाचणाऱ्या रकमेपुढे किरकोळ ठरेल. ऊर्जा लेखापरीक्षकांनीही कंप्रेसर आणि दिव्यांबरोबर क्युरिंग ओव्हनच्या भिंतींना हात लावून पाहावा.

एका ठिकाणी मात्र तास आणि तापमान दोन्ही लिहिलेले राहू द्यावे: पिण्याच्या पाण्याच्या आणि खाद्यपदार्थांच्या टाक्या. तिथे प्रश्न ताकदीचा नाही, पाण्यात उतरणाऱ्या स्टायरिनचा आहे. बारकोलचा आकडा चांगला आला तरी स्टायरिन उरलेले असू शकते. या टाक्यांना जॉबवर मोजलेल्या ८० अंशांना किमान तीन तास, त्यानंतर गरम पाण्याने किंवा वाफेने धुणे, आणि उरलेल्या स्टायरिनचा प्रयोगशाळेचा अहवाल, या तिन्ही अटी कायम ठेवाव्यात.

आपले,
एफआरपी व्यवसायातील काही तंत्रज्ञ
पिंपरी-चिंचवड